वाचकांचे प्रश्न: जुनी शिक्षा आणि घराच्या इन्शुरन्सचा फॉर्म

मागच्या अंकात इंग्लंडमध्ये पहिलं घर घेताना काय काय बघायचं ते लिहिलं होतं, त्यात शेवटी एक ओळ होती की होम इन्शुरन्सच्या फॉर्मवरचा 'कन्व्हिक्शन'चा, म्हणजे कोर्टाने झालेल्या शिक्षेचा, प्रश्न घाईत टिक करू नका, नीट वाचा. त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांची विनंती एकच, नाव छापू नका. नावंही काढलीत आणि गावंही. खाली जे नियम सांगतेय ते इंग्लंड आणि वेल्सचे आहेत, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे कायदे वेगळे आणि मुदतीही वेगळ्या, तिकडच्या वाचकांनी हे आकडे तसेच्या तसे लावू नयेत.

प्रश्न: ताई, तीन आठवड्यांत आमचं एक्स्चेंज आहे, म्हणजे घराचा करार पक्का होणार, आणि सॉलिसिटर म्हणतोय त्या दिवसापासून बिल्डिंग इन्शुरन्स हवाच. २०१२ मध्ये माझा नवरा इथे शिकत असताना पबबाहेर मारामारी झाली होती, समोरच्याला लागलं, कोर्टाने आठ महिन्यांची शिक्षा दिली पण सस्पेंडेड, म्हणजे जेलमध्ये गेला नाही, शिवाय ५०० पौंड भरपाई भरली. त्यानंतर काहीही नाही. आता फॉर्मवर 'तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला कधी शिक्षा झाली आहे का' असं विचारलंय. 'हो' केलं की कंपन्यांनी सांगितलेले दर, म्हणजे कोट, जवळपास सगळे गायब होतात, दोनच उरतात आणि ते तिप्पट. मी म्हणते 'नाही' टाक, तो म्हणतो खोटं बोलून घर घ्यायचं नाही. कोणाचं बरोबर?

उत्तर: तुमचं. आणि ते खोटं बोलणं नाहीये, हे त्यांना आज संध्याकाळी शांतपणे सांगा.

इथे १९७४ सालचा एक कायदा आहे, रिहॅबिलिटेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट. शिक्षा झाली, ती संपली, त्यापुढे ठराविक काळ माणूस नीट राहिला की ती शिक्षा 'स्पेंट' होते, आणि मग कोणीही जुन्या गोष्टी विचारल्या तर तो प्रश्न त्या शिक्षेबद्दल नाहीच असं धरून उत्तर द्यायचं. कलम ४ मध्ये हे आहे. म्हणजे फॉर्मवर 'कधीही' असं छापलेलं असलं तरी कायदा म्हणतो की त्या 'कधीही'त स्पेंट शिक्षा येत नाही. तेव्हा 'नाही' हे खरं उत्तर आहे, पळवाट नव्हे.

आता मुदत. तुमच्या नवऱ्याला २०१२ मध्ये वकिलाने बहुतेक 'दहा वर्षं सांगावं लागेल' असं सांगितलं असणार आणि तेव्हा ते बरोबर होतं. पण मार्च २०१४ मध्ये मुदती कमी झाल्या आणि २८ ऑक्टोबर २०२३ पासून आणखी कमी झाल्या, आणि हे बदल जुन्या शिक्षांनाही लागू आहेत. आजच्या नियमाप्रमाणे एक वर्षापर्यंतची कैद असेल तर शिक्षेचा काळ आणि वर एक वर्ष. एक ते चार वर्षांची कैद असेल तर वर चार वर्षं, चारच्या पुढे असेल तर वर सात वर्षं, त्यात काही गंभीर लैंगिक, हिंसक आणि दहशतवादाचे गुन्हे मात्र कधीच स्पेंट होत नाहीत. सस्पेंडेड शिक्षा कैदेसारखीच मोजतात, म्हणजे तुमचे आठ महिने अधिक बारा महिने. साधा दंड असेल तर शिक्षेच्या तारखेपासून बारा महिने. पोलिसांची साधी कॉशन, म्हणजे कोर्टात न नेता दिलेली अधिकृत ताकीद, तर दिल्या दिवशीच स्पेंट. भरपाईचा हुकूम पैसे पूर्ण भरले की स्पेंट होतो, त्यामुळे ते ५०० पौंड पूर्ण गेले होते ना एवढं बघा. आणि एक, ती मुदत चालू असताना दुसरा मोठा गुन्हा झाला तर पहिल्या शिक्षेची स्पेंट होण्याची मुदतही लांबते, पण तुम्ही म्हणताय त्यानंतर काही नाही, मग प्रश्न मिटला.

तुमच्या नवऱ्याचा स्वभाव मला कळतो. मी ब्रोकरच्या ऑफिसात क्लेमच्या टेबलावर अकरा वर्षं काढली, तेव्हा आपल्यातलेच एक गृहस्थ रिन्यूअलला यायचे. तरुणपणी दुकानातली एक चोरी, दंड झालेला, आणि तेव्हापासून दरवर्षी फॉर्मवर प्रामाणिकपणे 'हो' लिहायचे, दरवर्षी जास्त प्रीमियम भरायचे, आणि ते कागद घरी न नेता गाडीच्या डिकीत एका बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे कारण बायकोला माहीत नव्हतं. मी त्यांना म्हटलं अहो हे केव्हाच स्पेंट झालंय, लिहायची गरज नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ नुसते खिडकीबाहेर बघत बसले. मग विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच…?" वाक्य पूर्ण केलं नाही त्यांनी. मला अजून तो डबा आठवतो. प्रामाणिक माणसंच ह्यात भरडली जातात म्हणून मी एवढं तळमळून लिहितेय.

खात्री करायची असेल तर अनलॉक नावाची इथली चॅरिटी आहे, त्यांच्या वेबसाईटवर तारीख आणि शिक्षा टाकली की स्पेंट कधी होते ते कळतं. तरी मन खात असेल तर स्वतःचा बेसिक डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदीचा सरकारी दाखला, काढा, त्यात फक्त अनस्पेंट, म्हणजे अजून स्पेंट न झालेल्या, शिक्षा दिसतात, कागद कोरा आला की विषय संपला, तो कागद घराच्या फाईलीत ठेवा.

एक मात्र लक्षात ठेवा, आणि हे आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचं आहे: ही सूट इमिग्रेशनला नाही. व्हिसा, आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी), सिटिझनशिप ह्या अर्जांवर स्पेंट असो नसो, सगळं सांगायचं. इन्शुरन्सला 'नाही' लिहिलं म्हणून होम ऑफिसलाही 'नाही' लिहिलं असं करू नका, तिथे ते महागात पडेल. नवरा एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, किंवा शाळेत नोकरीला असेल तर नोकरीचे नियमही वेगळे आहेत.

प्रश्न: माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. मार्च २०२४ मध्ये त्याला गांजाच्या प्रकरणात १४ महिन्यांची सस्पेंडेड शिक्षा झाली. तो आमच्याकडेच राहतो. आमची पॉलिसी २०१९ पासून आहे, दर ऑक्टोबरला आपोआप रिन्यू होते, आम्ही काहीच कळवलेलं नाही. ह्यांचं म्हणणं आहे गप्प बसावं, कोण सांगायला जातंय. मला झोप लागत नाही. त्याचा पत्ता माझ्या बहिणीकडचा दाखवला तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. पत्ता बदलून दाखवायचा विचार आधी डोक्यातून काढा, कारण आत्ता जे झालंय ती चूक आहे पण ते केलंत तर ती फसवणूक होईल, आणि इथल्या कायद्यात ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी तुमचा हिशोब. १४ महिने म्हणजे एक वर्षाच्या वर, म्हणून १४ महिने अधिक चार वर्षं, म्हणजे मे २०२९ पर्यंत ही शिक्षा अनस्पेंट आहे. दोन महिने कमी असते तर ती ह्याआधीच स्पेंट झाली असती, पण नियम तसा आहे खरा. आणि प्रश्न फक्त पॉलिसी घेणाऱ्याबद्दल नसतो, 'तुम्ही किंवा तुमच्यासोबत राहणारं कोणीही' असा असतो, त्यामुळे पॉलिसी तुमच्या नावावर आहे, मुलाच्या नाही, ह्याने काही फरक पडत नाही.

पूर्वी ग्राहकाने न विचारलेलंही स्वतःहून सांगायचं असा जुना नियम होता. एप्रिल २०१३ पासून नवीन कायदा आला, त्याचं नाव लांबलचक आहे, कन्झ्युमर इन्शुरन्स कायदा २०१२ म्हणू, त्यात काम विचारण्याचं कंपनीचं आणि आपलं काम एवढंच की विचारलेल्याचं उत्तर काळजीपूर्वक आणि खरं द्यायचं. न विचारलेलं सांगायची जबाबदारी नाही. मग तुम्ही म्हणाल की आम्हाला रिन्यूअलला कोणी काही विचारलंच नाही. इथेच गोम आहे. रिन्यूअलचं पत्र काढून बघा, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर 'तुम्ही आधी दिलेली माहिती खालीलप्रमाणे, काही बदल असल्यास कळवा' असा तक्ता असतो, त्यात 'घरातील कोणालाही अनस्पेंट शिक्षा नाही' अशी एक ओळ असते. ती वाचून गप्प बसणं हेही चुकीचं उत्तर धरलं जाऊ शकतं, कायद्यात तसं लिहिलंय. तुमच्या पॉलिसीत वर्षाच्या मधे झालेला बदल कळवायची अट आहे का तेही बघा, काहींत असते, काहींत नसते.

आता काय होऊ शकतं ते सांगते. उद्या समजा स्वयंपाकघरात आग लागली, १८,००० पौंडांचा क्लेम केला आणि त्यात हे बाहेर आलं. तुमचं न सांगणं निष्काळजीपणाचं ठरलं तर कंपनी बघते की खरं कळलं असतं तर आम्ही काय केलं असतं. तुम्ही २४० भरत होतात आणि त्यांनी ४०० लावले असते तर क्लेमचे ६० टक्केच देतात, म्हणजे १०,८००. पॉलिसी दिलीच नसती म्हणाले तर क्लेम शून्य, प्रीमियम मात्र परत. पण मुद्दाम लपवलं असं त्यांनी सिद्ध केलं, आणि बहिणीचा पत्ता हा त्याचा आयता पुरावा होईल, तर क्लेम नाही आणि प्रीमियमही सहसा परत नाही. वर पुढच्या प्रत्येक फॉर्मवर 'तुमची पॉलिसी कधी रद्द झाली आहे का' ह्याला 'हो' लिहावं लागेल, आणि त्या प्रश्नाला स्पेंट होण्याची सोय नाही. मॉर्गेज असेल तर बँकेची अट असते की बिल्डिंग इन्शुरन्स सतत चालू पाहिजे, म्हणजे तिकडूनही तुम्ही अडचणीत.

म्हणून माझं म्हणणं ऐका. आधी अनलॉकच्या यादीतल्या, किंवा ब्रिटिश इन्शुरन्स ब्रोकर्स असोसिएशनकडून शोधलेल्या, अशा एखाद्या ब्रोकरला फोन करा जो शिक्षा झालेल्यांचाच इन्शुरन्स करतो. ह्या लोकांना काही नवीन नसतं, ते सहा-सात प्रश्न विचारतात आणि कोट देतात, आवाजही बदलत नाही त्यांचा. तो कोट हातात ठेवून मग सध्याच्या कंपनीला फोन करा आणि सगळं सांगा. ते चालू ठेवतील, पैसे वाढवतील, नाहीतर नको म्हणतील. नको म्हणाले तर विनंती करा की तुम्ही रद्द करू नका, आम्हालाच रद्द करू द्या, आणि नवीन पॉलिसी सुरू झाल्याशिवाय जुनी सोडू नका. फोनची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहा, मग तेच सगळं ईमेलने पाठवा.

राहिलं 'ह्यांचं म्हणणं'. त्यांचा राग कंपनीवर नाहीये, त्यांना ते वाक्य तोंडाने बोलवत नाहीये, 'माझ्या मुलाला शिक्षा झाली.' आपल्याकडे मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं मुलगा काय करतो तर आपण 'मास्टर्स करतोय' म्हणून वेळ मारून नेतो, ठीक आहे, ते लोकांना सांगायची गरजही नाही. पण घराच्या छपराशी असा खेळ नको. फोन मुलाच्या समोर करा. त्याच्यापासून लपून केलात तर त्याला वाटेल आपण घरातली लाज झालो, आणि त्या वयाच्या पोराला ते वाटणं मला इन्शुरन्सपेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

प्रश्न: २००८ मध्ये पुण्यात माझ्या बाईकने एकाला धडक बसली होती, २७९ कलम लागलं, गुन्हा कबूल करून हजार रुपये दंड भरला. भारतातलं इथे सांगावं लागतं का?

उत्तर: घराच्या इन्शुरन्सला नाही. परदेशातल्या कोर्टाची शिक्षाही त्याच १९७४ च्या कायद्यात येते आणि दंड तर बारा महिन्यांत स्पेंट. इमिग्रेशनच्या अर्जाचं मात्र वर लिहिलंय ते तुम्हालाही लागू, तिथे हजार रुपयेही सांगायचे.

प्रश्न: भारतात बायकोने माझ्यावर आणि आईवर ४९८अ ची केस केलीय, अजून चालू आहे. फॉर्मवर विचारलंय 'प्रलंबित खटला आहे का'.

उत्तर: तुम्हाला शिक्षा झालेली नाही आणि निकाल लागेपर्यंत तुम्ही दोषी नाही, हे आधी स्वतःशी पक्कं करा. पण स्पेंटची सूट शिक्षांना आहे, चालू खटल्याला नाही. (हेच कलम १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालंय, पण जुन्या केसेस जुन्याच कलमाखाली चालतात.) फॉर्म फक्त शिक्षेबद्दल विचारत असेल तर 'नाही'. चार्ज किंवा प्रलंबित खटला असं स्पष्ट विचारलं असेल आणि तुमच्यावर कोर्टात आरोप ठेवले गेले असतील तर 'हो' लिहा. नुसती एफआयआर आहे, पुढे काही नाही, अशी अवस्था असेल तर भारतातल्या वकिलाकडून दोन ओळींत स्थिती लिहून घ्या, कंपनीला लेखी विचारा की तुमच्या प्रश्नात हे येतं का, आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. आई इथे तुमच्यासोबत राहत असेल तर हेच तिच्याबद्दलही. तिला फॉर्मवर आपलं नाव ह्यासाठी येतंय हे सांगताना जरा सांभाळून सांगा.

प्रश्न: स्पीडिंगमुळे लायसन्सवर तीन पॉइंट आहेत. शिवाय विद्यार्थी असताना २०२१ मध्ये ट्रेनच्या तिकिटावरून घरी पत्र येऊन दंड झाला होता, कोर्टात गेलोच नव्हतो.

उत्तर: स्पीडिंगचे पॉइंट कोर्टात न जाता ठरावीक दंड भरून मिळाले असतील, म्हणजे फिक्स्ड पेनल्टी, तर ती कोर्टाची शिक्षा नव्हे, होम इन्शुरन्सच्या बहुतेक फॉर्मवर तर 'मोटरिंगचे गुन्हे सोडून' असंच लिहिलेलं असतं. कारच्या इन्शुरन्सला पॉइंट सांगावे लागतात, ते वेगळं. पण दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा असेल तर सावध राहा, दंड वर्षात स्पेंट होतो तरी लायसन्सवरच्या नोंदीला पाच वर्षं लागतात आणि जी मुदत लांब तीच धरायची, त्यामुळे फॉर्मवर मोटरिंगचे गुन्हे वगळलेत की नाही ते शब्द न् शब्द वाचा.

ट्रेनचा दंड २०२२ मध्येच स्पेंट झाला. वर, ऑगस्ट २०२४ मध्ये चीफ मॅजिस्ट्रेट पॉल गोल्डस्प्रिंग ह्यांनी निकाल दिला की रेल्वे कंपन्यांनी घरी पत्र पाठवून, बंद दाराआड उरकलेले तिकिटाचे असे अनेक खटले बेकायदा होते, अंदाजे ७४ हजार लोकांच्या शिक्षा त्यात रद्दबातल धरल्या. तुमची त्यात असेल तर ती झालीच नव्हती असं धरायचं. ते पत्र शोधा, त्यावर सिंगल जस्टिस प्रोसीजर (ह्याच बंद दाराआडच्या पद्धतीचं नाव) असे शब्द आहेत का आणि खटला रेल्वे कंपनीनेच केला होता का बघा, कारण सिटिझनशिपच्या अर्जाला तुम्हाला हे लागेल.

प्रश्न: जानेवारीत पाइप फुटून खालचा मजला भिजला. नुकसान बघायला आलेल्या माणसाने गप्पांत विचारलं, मी २०१६ मधला दुकानातल्या चोरीचा १५० पौंड दंड सांगून टाकला. आता कंपनी म्हणते २०२२ मध्ये फॉर्मवर तुम्ही हे लपवलं, क्लेम नाही.

उत्तर: चूक कंपनीची आहे, तुमची अजिबात नाही. तुमचा दंड २०१७ मध्ये स्पेंट झाला, २०२२ मध्ये तुम्ही 'नाही' लिहिलंत ते खरं होतं, आणि जे सांगायचंच नव्हतं ते नंतर सोफ्यावर बसून बोललात म्हणून ते लपवलेलं होत नाही. आज ईमेल करा, विषयात 'तक्रार' हा शब्द स्पष्ट टाका. आत शिक्षेची तारीख, दंडाची रक्कम, १९७४ च्या कायद्याचं कलम ४, आणि एक वाक्य: पॉलिसी घेताना ही शिक्षा स्पेंट होती, त्यामुळे माझं उत्तर बरोबर होतं, क्लेम पुन्हा तपासा आणि माझी पॉलिसी रद्द झाल्याची कुठे नोंद केली असेल तर तीही काढा. हे शेवटचं विसरू नका, लोक क्लेमचे पैसे मिळवतात आणि ती नोंद तशीच राहते.

त्यांना अंतिम उत्तर द्यायला आठ आठवडे असतात. नाही म्हणाले किंवा गप्प बसले तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जा, आपल्याला एक पैसा लागत नाही, वकीलही लागत नाही, फक्त कंपनीच्या अंतिम पत्रापासून सहा महिन्यांच्या आत जायचं. तोवर ओल्या फरशीचे, फुगलेल्या कपाटांचे फोटो तारखेसकट ठेवा, प्लंबरची पावती ठेवा, ओलं कार्पेट फेकावं लागलं तर त्याचा हातभर तुकडा कापून गॅरेजमध्ये ठेवून द्या, माप आणि दर्जा दाखवायला तो लागतो.